घरची बोली आणि वर्गातली मराठी: मराठवाड्यातल्या शिक्षकांसाठी कामाची पद्धत

मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग हातात आला की समोर किती बोली बसल्यात ते हजेरीपत्रकावरून कळत नाही. हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या तांड्यांवरची, म्हणजे बंजारा-लमाण वस्त्यांवरची, लेकरं घरी गोरमाटी (बंजारा, लमाणी) बोलतात. देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात बऱ्याच घरांत तेलुगू असते. उदगीर, निलंगा, उमरग्याकडं कन्नड. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी. दखनी, म्हणजे इथल्या मुसलमान घरांतली उर्दूच्या जवळची बोली, तर तालुक्याच्या जवळजवळ प्रत्येक गावात ऐकू येते. वडार, कैकाडी, पारधी वस्त्यांच्या बोली आणखी निराळ्या. वर्ग मात्र मराठी माध्यमाचा आणि पुस्तक सगळ्यांना एकच.

या मुलांबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. "बोलतच नाही." "विचारलं की हो म्हणतो, लिहायला लावलं की कोरी पाटी." "सारखी आपापसात कुजबुज." "मला सरळ तू म्हणतो, वळण नाही." या सगळ्या तक्रारी वागण्याच्या आहेत आणि त्यांवर उपायही वागण्याचेच होतात: जागा बदल, रागाव, पालकांना बोलाव. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी भाषा तपासा. मूल कोणत्या भाषेत गप्प आहे आणि कोणत्या भाषेत बोलतं, हे कळेपर्यंत त्याच्या हुशारीबद्दल किंवा वळणाबद्दल मत बनवू नका. त्यासाठी गोरमाटी किंवा तेलुगू यायला पाहिजे असं नाही. पुढं दिलंय ते सगळं फक्त मराठी येणाऱ्या शिक्षकाला करता येतं.

आधी नोंद, तीही रजिस्टरच्या बाहेर

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मातृभाषेचा रकाना असतो. तो दाखल करताना घाईत भरलेला असतो, म्हणून त्यावर विसंबू नका. तांड्यावरच्या मुलापुढं कुठं 'मराठी', कुठं 'हिंदी', कुठं 'बंजारा' असं सापडेल, सख्ख्या भावंडांचंसुद्धा वेगवेगळं. सरकारी मोजदादीतही ही बोली झाकलेलीच राहते. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी बोलणारे देशभरात ३२ लाखांहून जास्त लोक मोजले गेले, पण हिंदीच्या खात्यात.

पालकांना "तुमची भाषा कोणती?" असं विचारू नका. समोर सर उभे असले की उत्तर येतं, "मराठीच की." सरांना काय आवडेल ते लोक ओळखून असतात. त्यापेक्षा रोजच्या जगण्यातलं विचारा. आजी गोष्ट सांगते ती कोणत्या बोलीत? भावाबहिणीशी भांडताना हा काय बोलतो? घरात मराठी चांगली कुणाला येते, बापाला की मोठ्या बहिणीला? अंगणवाडीत गेला होता का, आणि तिथल्या ताई कोणत्या भाषेत बोलायच्या? ऊसतोडीला बरोबर जातो का, गेला तर कोणत्या भागात? आईशी हे बोलणं शाळेच्या फाटकाशी पाच मिनिटांत होतं. तांड्यावर गेलात तर नायक-कारभाऱ्यांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना, भेटाच, पण म्हाताऱ्या बायकांजवळही बसा. मूल दिवसभर असतं त्यांच्याजवळ.

प्रत्येक मुलासाठी वहीचं अर्धं पान पुरतं. जून संपायच्या आत ते भरलेलं असावं.

मग आठवडाभर नुसतं बघायचं

याच टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. इथं घाई झाली तर पुढचं सगळं अंदाजपंचे चालतं.

मुलं चार ठिकाणी बघायची: वर्गात शिकवणं चालू असताना, गटात काम करताना, खिचडीच्या रांगेत आणि मैदानावर, आणि शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी टिपायच्या. कोण कुणाशी बोललं, कोणत्या बोलीत, आणि कशासाठी. यातला 'कशासाठी' सगळ्यात महत्त्वाचा.

एक नमुना सांगतो. दुसरीतली तांड्यावरची मुलगी. वर्गात तिसऱ्या रांगेत, भिंतीकडून. बाईंनी विचारलं की मान हलवते, कधी हो, कधी नाही, शब्द एकही नाही. प्रगतीच्या वहीत शेरा आहे, "सहभाग घेत नाही." तीच मुलगी खिचडीच्या वेळी ताटं वाटायला उभी असते. गोरमाटीत लहान भावाला रांगेत मागं ढकलते, ताटं मोजते, दोन कमी आहेत हे स्वयंपाकीण मावशींच्या आधी तिच्या ध्यानात येतं. मध्येच घुसलेल्या गावातल्या मुलीला ती ठणकावते, "ए, मागं हो की, आधी हेचा नंबर हाय." तिला मोजणी येते, चारचौघांना सांभाळून घेता येतं, वेळ पडली तर मराठीत भांडताही येतं. अडतं ते पुस्तकातल्या मराठीत, आणि त्याहून जास्त वर्गासमोर एकटीनं उभं राहून ती बोलण्यात. "सहभाग घेत नाही" या शेऱ्यात यातलं काहीच आलेलं नाही.

कुजबुजीचंही असंच. दोन मुलं त्यांच्या बोलीत बोलली की आपल्याला वाटतं शिकवण्याकडं लक्ष नाही. लगेच दटावू नका. नंतर, रागाचा सूर न लावता, एकाला विचारा, "काय सांगितलंस रे त्याला?" उत्तर ऐकून बघा. पान कितवं ते सांगितलं. 'गोल करा' म्हणजे काय ते सांगितलं. सर चिडलेत, गप बस असं सांगितलं. म्हणजे तुमचंच शिकवणं एक मूल दुसऱ्यापर्यंत पोचवत असतं. त्यात खोड्या आणि टवाळीही असते, ती मराठी बोलणाऱ्या मुलांतही असते. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की कोणती कुजबुज कामाची आणि कोणती रिकामी ते दिसायला लागतं. रिकामी तेवढी थांबवा.

आणखी एक गोष्ट या आठवड्यात उलगडते. मुलाला मराठी येते की नाही, या प्रश्नाचं हो-नाहीत उत्तर नसतं. मैदानावर ते मराठवाडी मराठी बोलतं: "सर, मी करूलालो", "ते बघा ना मारूलालंय". ही मराठी त्यानं बाजारात, एसटीत, गावातल्या पोरांकडून उचलली आहे. पुस्तकात असतं, "मी करत आहे", "पुढील उताऱ्याच्या आधारे उत्तरे लिहा." मराठी घरातल्या मुलालासुद्धा हे अंतर पार करावं लागतं, तांड्यावरच्या मुलाला दोन टप्पे चढावे लागतात. जिम कमिन्स या अभ्यासकांनी १९७९ साली हा भेद मांडला: रोजच्या बोलण्याची भाषा आणि शिकण्याची भाषा. दुसऱ्या भाषेत गप्पा मारायला साधारण दोन वर्षं पुरतात, पण त्या भाषेतून विषय शिकायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. तिसरीतलं पोरगं मराठीत फाडफाड बोलतं आणि परिसर अभ्यासाचा उतारा मात्र त्याला लागत नाही, तेव्हा "येतं पण करत नाही" असं म्हणायच्या आधी हा हिशोब आठवावा.

वागण्याचा अर्थ लावताना

नवीन भाषेत आलेलं मूल सुरुवातीचे काही महिने गप्प राहतं, पण ऐकत असतं. या काळात त्याला उभं करून "बोल, बोल" करू नका. कृतीनं उत्तर देऊ द्या: चित्र दाखव, वस्तू आण, बोटांनी आकडा दाखव, बरोबर असेल तर टाळी वाज. सगळ्या वर्गाबरोबर म्हणायची गाणी आणि बडबडगीतं इथं फार उपयोगी पडतात, कारण त्यात चुकीला तोंड लपवायला जागा असते.

"समजलं का?" हा प्रश्न वर्गातून काढूनच टाका. त्याला 'हो' हेच सुरक्षित उत्तर आहे हे मूल दोन दिवसांत शिकतं. त्याऐवजी "आता काय करायचं ते करून दाखव" म्हणा.

'तू' म्हणण्याबद्दल. मराठीत आपण गुरुजींना 'तुम्ही' म्हणतो. पण अनेक घरांत आईला, आजीला, मोठ्यांनाही 'तू'च चालतं, आणि मूल तेच शाळेत आणतं. त्याच्या 'तू'मध्ये उर्मटपणा नसतो, बऱ्याचदा जवळीक असते. रागावू नका. स्वतः बोलताना "तुम्ही द्या म्हणायचं, हं" असं सहज सांगा, नाटुकल्यात 'तुम्ही'ची वाक्यं द्या. वर्षभरात बसतं.

वाचनाची पाळी जवळ आली की लघवीला जाणारं मूल, शेजाऱ्याच्या पाटीवरून जसंच्या तसं उतरवणारं मूल, आणि प्रश्न विचारला की वेडंवाकडं तोंड करून वर्गाला हसवणारं मूल, ही तिन्ही बहुतेक वेळा एकच गोष्ट लपवत असतात. विदूषक झालेलं पोर सगळ्यात जास्त मार खातं, म्हणून त्याच्याकडं विशेष बघा. त्याला पाळीच्या आधी, शक्यतो आदल्या दिवशी, त्याचं वाक्य द्या. तयारी असली की तोंड करायची गरज पडत नाही.

मात्र सगळं भाषेवर ढकलून मोकळं होऊ नका. कान वाहतो का, फळा दिसतो का, सकाळी काही खाऊन आलाय का हे आधी बघा. कुणी जातीवरून बोलतंय का तेही बघा, कारण पारधी वस्तीवरचं मूल कोपऱ्यात बसतं तेव्हा नेहमी भाषाच कारण नसते. शिकण्यातली अडचण खरोखरची आहे की भाषेची, हे ओळखायची साधी कसोटी घरच्या बोलीत आहे. आजीला विचारा: हा घरी निरोप नीट सांगतो का? दोन कामं एकदम सांगितली तर करतो का? घडलेलं क्रमानं सांगतो का? घरच्या बोलीत हे सगळं व्यवस्थित असेल तर अडचण मराठीची आहे. घरच्या बोलीतही अडखळत असेल, वयाच्या मानानं मागं असेल, तर थांबू नका, गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना दाखवा. उलट बाजूही तितकीच खरी. फक्त मराठी चाचणीवरून एखाद्या मुलाला 'मंद' ठरवणं अन्यायाचं आहे, आणि तो शिक्का पुढं वर्षानुवर्षं पुसत नाही.

शिकवताना बोलीला काम द्या

बंजाऱ्यांचा तीजचा सण आला की मुलींना घागरा-काचळी घालून नाचवायचं आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात गोरमाटीला मज्जाव, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. सणाचा कार्यक्रम जरूर करा. पण बोलीला मान मिळतो तो ती भाषेच्या, गणिताच्या तासाला उपयोगी पडते तेव्हा.

सुरुवात चार-पाच शब्दांनी करा. गोरमाटीत "तारो नाम कांई छ?" एवढं विचारलंत तरी पहिल्या बाकावरचं मूल मान वर करतं. आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी, बस म्हणायचं तर बेस. तेलुगू मुलाला 'रा' म्हणून बोलवा, कन्नड मुलाला 'बा' म्हणून. उच्चार चुकू द्या, मुलांना दुरुस्त करू द्या. सर शिकतायत आणि आपण शिकवतोय, याचा त्यांना केवढा आनंद होतो! तांड्या-तांड्यात शब्द बदलतात, म्हणून यादी छापील घेऊ नका, मुलांकडूनच करून घ्या. घर, अंग, जेवण, शेत, जनावरं, नाती या गटांतले शब्द कार्डावर देवनागरीत लिहा: वर मराठी, खाली घरची बोली, मागं मुलानं काढलेलं चित्र. दोनतीन बोली असतील तर दोनतीन ओळी.

धडा घेताना क्रम असा ठेवा. वाचायच्या आधी चित्र दाखवून पाच मिनिटं जोडीनं गप्पा, ज्याला जी बोली जवळची तिच्यात. मग तुम्ही मराठीत वाचा, हावभावासकट, अवघड शब्दांपाशी थांबत. मग पुन्हा जोडीत: "आत्ता काय झालं ते एकमेकाला सांगा." शेवटी मराठीत सांगणं, आधी दोघं मिळून, मग ज्याची तयारी असेल त्यानं एकट्यानं. जोडीतलं बोलणं तुम्हाला कळलं नाही तरी बिघडत नाही. मुलानं गोष्टीचं चित्र क्रमानं काढलं, की काय कळलं आणि काय निसटलं ते चित्रातच दिसतं. शंका राहिलीच तर चौथी-पाचवीतल्या तांड्यावरच्या पोरीला शेजारी बसवा.

जोड्या लावताना थोडं डोकं लावावं लागतं. एका बोलीची सगळी मुलं मागच्या बाजूला एकत्र बसवली तर त्यांच्या कानावर मराठी पडत नाही. एकेकाला सुटं करून गावातल्या मुलांत बसवलं तर ती पार मिटतात. मधला मार्ग तिघांचा: एक नवखा, एक दोन्ही भाषा येणारा, एक मराठीवाला. दर महिन्याला गट बदला. दोन्ही भाषा येणाऱ्या मुलाला कायमचा दुभाषा करू नका. त्याचं स्वतःचं शिकणं राहून जातं, शिवाय त्याला नको तेवढी सत्ता मिळते. आणि दखनी बोलणाऱ्या मुलाला ईद आली की "तुमच्यात कसं असतं ते सांग" म्हणून उभं करत राहू नका. सांगायची हौस असेल तर तो आपणहून सांगेल.

दखनीची गंमत मराठी मुलांनाही आवडते. 'नक्को' आणि 'कायकू' ऐकून ती म्हणतात, हे तर आपलंच आहे. शेकडो वर्षं एका गावात राहिलेल्या भाषा आहेत त्या. अशी सारखी वाटणारी कार्डं एका भिंतीवर लावली तर चांगला तास होतो.

गणितात अडकतं कुठं

गणिताला भाषा लागत नाही असं समजू नका. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा आधी पाच येतात, मग वीस. तेलुगूत 'इरवै ऐदु', कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', म्हणजे वीस आधी आणि पाच नंतर. देगलूरकडचं मूल 'पंचवीस' ऐकून ५२ लिहीत असेल तर त्यानं ऐकलेल्या क्रमानं लिहिलंय. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. वाद काहीही असो, तेलुगू-कन्नड घरातल्या मुलांसाठी ती रीत आधार म्हणून जरूर वापरा: आधी 'वीस पाच', काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या हातात घेऊन, आणि मग 'पंचवीस'.

शाब्दिक उदाहरणांत मुलं आकड्यांपाशी अडत नाहीत, ती अडतात पेक्षा, प्रत्येकी, एकूण, शिल्लक, उरले, कितीने जास्त या शब्दांपाशी. हे शब्द वेगळे काढून वस्तूंनी शिकवा. "तुझ्याकडं पाच लिंबं, त्याच्याकडं तीन. तुझ्याकडं त्याच्यापेक्षा कितीनं जास्त?" हे हातात लिंबं देऊन, मुलाच्या बोलीत एकदा आणि मराठीत दोनदा. आठवडी बाजारात आईशेजारी बसून भाजी विकणारं मूल सुट्ट्या पैशांचा हिशोब पटकन करतं. त्याला बाजाराचं उदाहरण बोलीत करू द्या, उत्तर आलं की त्याचंच मराठी वाक्य सगळ्यांनी मिळून फळ्यावर लिहा.

चुका

मुलाची चूक बहुधा त्याच्या घरच्या भाषेच्या नियमानं झालेली असते. गोरमाटी आणि दखनीत लिंगं दोनच, त्यामुळं मराठीतलं नपुंसकलिंग तिथं बसत नाही आणि 'तो पुस्तक', 'माझी घर' असं येतं. तेलुगू-कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, म्हणून भिंत ती आणि दगड तो का, हे कोडंच असतं. दखनीवाला 'पानी' आणि 'शाला' म्हणतो. तेलुगूवाला 'बस'चं 'बस्सु' करतो. याउलट आपण आणि आम्ही यांतला फरक तेलुगू मुलाला लगेच कळतो, कारण त्याच्या भाषेत मनमु (ऐकणाऱ्याला धरून) आणि मेमु (ऐकणाऱ्याला सोडून) असा तोच भेद आहे. अशा जमेच्या बाजूही वहीत लिहून ठेवा.

सुधारताना मूल म्हणालं, "माझी घर लांब आहे", तर आपण म्हणायचं, "हो का, तुझं घर लांब आहे? किती लांब?" बोलणं पुढं चालू ठेवायचं. लिहिलेल्यात सगळं लाल करू नका, महिन्याला एकच प्रकारची चूक धरा. आणि उच्चारावर कुणी हसलं तर तिथंच थांबवा, दर वेळी. या एका बाबतीत मी कडक राहायला सांगेन. चार वेळा हसलेलं ऐकलं की मूल वर्षभरासाठी तोंड बंद करतं.

बंदीचा नियम काढून टाका

"शाळेत फक्त मराठी बोला" अशी पाटी, बोलीत बोललं की दंड, उभं राहायची शिक्षा, हे अजून कुठं कुठं चालतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे, आणि स्वतःच्या आईच्या भाषेसाठी चारचौघांत अपमान होणं हा छळच आहे. याच कायद्याचं कलम २९ सांगतं की शिक्षणाचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावं. संविधानातलं कलम ३५० अ १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याक मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेची सोय करायला सांगतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं तर घरची भाषा आणि माध्यम वेगळं असेल तिथं शिक्षकानं दोन्ही भाषा वापराव्यात असं स्पष्ट म्हटलंय. वरून कुणी आक्षेप घेतला तर हे तोंडपाठ असू द्या.

आपल्या भागाला तर हे वेगळं सांगायला नको. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून होतं. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं तेच उर्दू माध्यमाचं. १९४८ पर्यंत घरी मराठी बोलणारी आपल्याच आजोबा-पणजोबांची पिढी परक्या भाषेत शिकायला धडपडत होती.

बंदीच्या जागी वेळ ठरवा. परिपाठात आठवड्यातून एक दिवस सुविचार किंवा म्हण घरच्या बोलीत, अर्थ मराठीत. कोणत्या कामाला कोणतीही बोली चालेल आणि कोणत्या कामाला मराठीच बोलायची, हे मुलांना आधी सांगा. सांगितलेलं मुलं पाळतात.

चाचणी घेताना

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम आणि कृती यांना जागा आहे, ती पुरेपूर वापरा. परिसर अभ्यासात मुलाला विषय कळला का आणि मराठीत मांडता आला का, या दोन नोंदी वेगळ्या ठेवा. सूचना मोठ्यानं वाचून दाखवा, एक उदाहरण सोडवून दाखवा. 'योग्य पर्याय निवडा', 'जोड्या लावा', 'गाळलेल्या जागा भरा' ही सूचनांची भाषा पाठ्यपुस्तकाबाहेर कुठंच ऐकू येत नाही, ती जुलैपासून खेळातून शिकवा.

ऊसतोडीची मुलं

दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, जालन्याकडचे तांडे आणि गावं रिकामी होतात. ऊस तोडणाऱ्या आईबापांबरोबर मुलंही जातात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा पार कर्नाटकात. मार्च-एप्रिलमध्ये परततात तेव्हा वर्ग निम्मं पुस्तक पुढं गेलेला असतो. आजी-आजोबा गावात असतील किंवा हंगामी वसतिगृह सुरू असेल तर मूल मागं ठेवण्याबद्दल पालकांशी सप्टेंबरातच बोला, टोळी निघायच्या आदल्या रात्री नव्हे. जाणाऱ्या मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचा शिकण्याच्या नोंदीचा कागद) द्या आणि त्यावर घरची बोली आणि मराठीची पातळी हाताने लिहा, म्हणजे तिकडच्या शिक्षकाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. परत आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात चाचणी देऊ नका. अड्ड्यावर, म्हणजे तोडणाऱ्यांच्या मुक्कामावर, काय बघितलं, कोपी (पाचटाची झोपडी) कशी बांधतात, गाडी कशी भरतात हे त्याला सांगू द्या, त्याच्या तोंडून येईल तसं तुम्ही लिहा आणि तोच त्याचा वाचनपाठ करा. कन्नडचे चार शब्द घेऊन आला असेल तर भिंतीवर त्याचंही कार्ड लागू द्या.

पालकांशी बोलताना

"घरी मराठी बोलत जा" हा सल्ला देऊ नका. मोडक्या मराठीत आई जे बोलेल त्यापेक्षा तिच्या बोलीतली भरघोस गोष्ट मुलाला जास्त भाषा देते, आणि भाषा भक्कम असलेलं मूल मराठीही लवकर उचलतं. पालकांना सांगा की घरी खूप बोला, गाणी म्हणा, गोष्टी सांगा, मराठीचं आम्ही बघतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तांड्यावरचे, वस्तीवरचे पालक त्यात सहीपुरते नकोत. बैठकीत कुणी बोलीत बोललं तर दुसऱ्या पालकाकडून मराठी करून घ्या. एखाद्या आजीला महिन्यातून एकदा वर्गात बोलवा. होळीच्या दिवसांत लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांची होळीची गाणी, म्हणणारी मंडळी तांड्यावर असतातच. एका लेंगीचे शब्द मुलांकडून लिहून घेतले तर तो भाषेचा पुरा आठवडाभराचा पाठ होतो.

वर्ग पुढं सोपवताना

एप्रिलअखेर प्रत्येक द्विभाषिक मुलाबद्दल पाच-सहा ओळी लिहून पुढच्या शिक्षकाकडं द्या. बदली झाली तर हे जास्तच गरजेचं. वर सांगितलेल्या दुसरीतल्या मुलीची नोंद साधारण अशी होईल: "घरी गोरमाटी. आजीच्या गोष्टी भरपूर येतात. मोठ्या भावाला मराठी चांगली येते. पहिले चार महिने वर्गात बोलली नाही, आता जोडीत बोलते, एकटीनं अजून नाही. मोजणी पक्की, 'पेक्षा' आणि 'प्रत्येकी'पाशी अडते. नपुंसकलिंग चुकतं, मार्चपासून सुधारतंय. पाळीच्या आधी वाक्य दिलं तर वाचते. खिचडीच्या रांगेची जबाबदारी हिच्याकडंच ठेवा."